सरला, तुझे हात चालले ते दिवस

सरला,

सकाळचा वेळ जात नाही. बोटं आता लवकर उघडतात, पण पलंगावरून उठावंसं वाटत नाही. पूर्वी, दोघींचाही आजार भरात होता तेव्हा, हा तास म्हणजे शिक्षा होती. मनगटं लाकडाची झालेली, तळवे फरशीला टेकले की खडीवर उभं राहिल्यासारखं. तुझ्या घरातल्यांना वाटायचं, बाई आळसावलीय. त्या तासाला आपण फोनची सवय लावून घेतली. फोन हातात धरवायचा नाही, म्हणून उशीवर ठेवून स्पीकर लावायचा. तू विचारायचीस, "बाई, उघडली का बोटं?" मी म्हणायचे, दोन उघडली, बाकीची झोपलीत. मग तू तुझी सांगायचीस. तुझ्या मागे पाणी भरल्याचा आवाज असायचा, तुझ्या यजमानांचा, भीमरावांचा खोकला असायचा, नातीचं शाळेला जाणार नाही म्हणून रडणं असायचं. माझ्या मागे काहीच नसायचं. मालक गेल्यापासून या घरात सकाळी आवाज करणारी मी एकटीच, आणि मलाच उठता येत नव्हतं.

माणूस गेलं की लोक भेटायला येतात, जवळ बसतात. तुझ्यासाठी माझ्याकडे कोण येणार? तू माझी बहीण नाहीस, जाऊ नाहीस, शेजारीण नाहीस. या गुजराती शहरात मी राहते लिंबायतला, तू डिंडोलीला. शाळेत एका बाईंनी विचारलं, चेहरा का उतरलाय? मी सांगितलं, मैत्रीण गेली. कोणती, म्हणाल्या. दवाखान्यातली, म्हटलं. त्यांनी अरेरे म्हटलं आणि दुसऱ्या सत्राच्या वेळापत्रकाकडे वळल्या. त्यांचं चुकलं असं नाही. बडोद्याला लेकीला फोन केला, तर तिनं तिच्या अर्ध्या गुजराती बोलीत समजूत घातली, मम्मी तू टेन्शन नको लेऊ, तुझी दवा चालू ठेव. तिलाही तू फक्त नावानं माहीत. म्हणून तुझ्याशीच बोलते आहे.

ट्रस्टच्या दवाखान्यात सांध्यांचे डॉक्टर गुरुवारी बसायचे. पहिल्यांदा भेटलो तेव्हा तू बाकावर माझ्या शेजारी होतीस आणि पाण्याची बाटली माझ्यापुढे धरून हिंदीत म्हणालीस, जरा खोलके दो ना. मी घेतली, झाकणाला हात लावला आणि तुझ्याकडे नुसतं बघितलं. माझी बोटं तुझ्यापेक्षा सुजलेली होती. तुझ्या ते ध्यानात आलं आणि तू हसायला लागलीस, मीही हसले. शेवटी दारावरच्या वॉचमननं बाटली उघडून दिली. दोन धडधाकट दिसणाऱ्या बाया मिळून एक झाकण उघडू शकत नाहीत, याचं त्याला नवल वाटलं असणार. त्या हसण्यात माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं आणि तू विचारलंस, तुम्ही मराठी का? मी परभणीकडची, तू शिरपूरकडची. तुझं माहेर तापीच्या काठावर. तू म्हणालीस, आमच्या गावचंच पाणी इथं येतं बाई, आम्ही त्याच्या मागं मागं आलो. मी शाळेत शिकवते हे कळल्यावर तू जी मला "बाई" म्हणायला लागलीस ती शेवटपर्यंत. माझं नाव तू कधी घेतलंच नाहीस.

तुझे हात काय करायचे ते मी तुझ्याच तोंडून ऐकलं. तुझ्या घरी बाजारातून साड्यांचे गठ्ठे यायचे, त्यांवर तू स्टोन चिकटवायचीस. चिमट्यानं खडा उचलायचा, गोंदाच्या ठिपक्यावर ठेवायचा, पुढचा उचलायचा. सुरुवातीला चिमटा निसटायला लागला. तुला वाटलं चिमटा खराब आहे, तू दुसरा आणलास. मग कुकरचं झाकण, मग परकराची नाडी. नाडी सोडायला सुनेला बोलवावं लागलं, त्या दिवशी तू रडलीस, असं मला तू बऱ्याच उशिरा सांगितलंस, आणि तेही हसत.

आमवात म्हणजे आपल्या अंगातली जंतूंशी लढणारी ताकद वाट चुकते आणि आपल्याच सांध्यांवर उठते, हे डॉक्टरांनी दोघींना सारखंच समजावलं होतं. औषधं त्या ताकदीला आवरायची. आठवड्यातून एकदा घ्यायच्या त्या जुन्या गोळ्या आपल्या दोघींच्याही सारख्याच. त्यांनी पुरेसं भागेना, तेव्हा डॉक्टरांनी मला त्यांच्या जोडीला एक नवं इंजेक्शन सुरू केलं. जुनी गोळी आणि नवं इंजेक्शन, ही जोडी ठरलेली आहे, सगळीकडे देतात. मला ती लागू पडली. हळूहळू माझ्या हातात खडू परत आला.

तुझं तसं झालं नाही. तुलाही तशीच जोडी दिली. पहिलं इंजेक्शन काही महिने चाललं आणि एका हिवाळ्यात त्यानं काम करणंच सोडून दिलं. दुसऱ्यानं अंगावर पुरळ उठलं, ते थांबवावं लागलं. तिसरं चाललं, पण अर्धंच. गुडघे सुटले, हात नाही सुटले. तुझी बोटं करंगळीच्या बाजूला कलायला लागली होती. बाकावर बसलीस की ती तू पदराखाली घ्यायचीस. त्या दिवसांत सकाळच्या फोनवर मी माझी बोटं लवकर उघडल्याचं सांगायला कचरायचे. तुला ते कळायचं. तू म्हणायचीस, सांगा बाई, कोणाची तरी उघडू द्या.

मग तो गुरुवार आला. डॉक्टरांनी तुला भीमरावांना घेऊन यायला सांगितलं होतं आणि तू मलाही आत ओढलंस, हिंदी नीट कळायला म्हणून. आपले डॉक्टर वयानं लहान, गुजराती, बोलताना टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहायचे. त्या दिवशी तो त्यांनी बाजूला ठेवला. ते म्हणाले, तिसरं इंजेक्शन अर्धं काम करतंय, तर ते तसंच ठेवून त्याला आणखी एक, वेगळ्या वाटेनं काम करणारं इंजेक्शन जोडून बघता येईल. एक महिन्याला सलाईनमधून, दुसरं आठवड्याला पोटावर टोचायचं. पण नवी दोन एकत्र देणं ही ठरलेली रीत नाही. पूर्वी अशा काही जोड्या करून पाहिल्या तेव्हा सांध्यांना फार जास्त फायदा झाला नाही आणि इन्फेक्शन मात्र वाढली. आता वेगळ्या जोड्या विचार करून बघतात, काहींना गुण येतो असं वाटतं, नक्की कोणालाच माहीत नाही. मी तुम्हाला आग्रह करणार नाही, असं ते दोनदा म्हणाले.

मी ते मराठीत तुला सांगितलं. तू ते अहिराणीत भीमरावांना सांगितलंस. माझ्या चार वाक्यांचं तुझं एक झालं: "दोन्ही संगे देसू म्हणतस. हात चालतीन. आजारी पडानी भीती शे." कापड विणणाऱ्या लूमच्या आवाजात आयुष्य गेलेले भीमराव आधीच कमी बोलतात. त्यांनी डॉक्टरांकडे बघत तुला विचारलं, "हाऊ धोका कितला?" मी ते हिंदीत विचारलं. डॉक्टर म्हणाले, आकडा सांगता आला असता तर बरं झालं असतं. तू भीमरावांकडे बघितलंस, त्यांनी होकाराची मान हलवली.

बाहेर चहाच्या हातगाडीपाशी, इथं तिला लारी म्हणतात, आपलं भांडण झालं. भीमराव कप घेऊन लांब जाऊन उभे राहिले. मी तुला सांगितलं, नको करूस. अर्धं चालतंय ना, अर्ध्यावर राहा. अंगाची सगळीच राखण काढून घेतलीस तर साधा खोकलासुद्धा तुला पुरेल. वर्गातल्या पोरांना समजावते तसं समजावलं. तू चहा बशीत ओतला होतास, कप धरवत नव्हता म्हणून. दोन्ही तळव्यांमध्ये बशी धरून तू ऐकून घेतलंस.

"बाई, तुमचं एक औषध चाललं," तू म्हणालीस. "म्हणून तुम्हाला धोका दिसतो. मला फक्त हात दिसतात."

मला राग आला होता, कारण ते खरं होतं, आणि खरं असूनही मी नको म्हणत होते. मी म्हटलं, हात गेले तरी माणूस राहतं. तू म्हणालीस, ते माणूस मी आहे, मला विचारा राहून काय होतं. भीमरावांनी रिकामे कप उचलले आणि आपण रिक्षात बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "उघडली का बोटं?" भांडण संपलं नव्हतं, नुसतं बाजूला ठेवलं होतं.

तुझ्या तपासण्या झाल्या, छातीचा फोटो, क्षयाची चाचणी. न्यूमोनियाची लस टोचली, फ्लूची टोचली. डॉक्टरांनी तुला, तुझी सून पूजा हिला आणि मला, तिघींना बसवून सांगितलं की या औषधांवर ताप येईलच असं धरून चालू नका. इन्फेक्शन असूनही अंग गार राहू शकतं. दम लागला, थंडी वाजली, नुसतं बरं वाटेना झालं, तरी लगेच या. पूजानं ते ध्यानात ठेवलं. मीही ठेवलं.

दोन्ही इंजेक्शनं सुरू झाली, आणि मग ते दिवस आले. त्यांच्याबद्दल मी लिहिलं नाही तर हे पत्र खोटं होईल. उन्हाळा लागायच्या सुमाराला एका सकाळी तू फोन केलास आणि बोटांचं विचारलंच नाहीस. म्हणालीस, बाई, भाकर थापली. मी विचारलं, कोणी? तू म्हणालीस, मी. गोल नाही झाली, पण फुगली. पलीकडे तवा वाजत होता. मी उशीवरचा फोन उचलून कानाला लावला. शेवटी पूजानं मागून विचारलं, फोन कट झाला का.

पुढं रोज काहीतरी नवं असायचं. केसांची वेणी स्वतः घातलीस. नातीच्या फ्रॉकचं बटण लावलंस. कलती झालेली बोटं सरळ होणार नव्हती, ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण सूज उतरली, दुखणं गेलं. एका रविवारी तू एकटी बसनं माझ्याकडे आलीस आणि माझ्या स्वयंपाकघरात मला बसवून शेवभाजी केलीस. तिखट इतकं की माझ्या डोळ्यांतून पाणी. मी कोथिंबीर निवडत होते आणि तू मला म्हणालीस, बाई, जरा भरभर. आजारपणात कोणी आपल्याला भरभर म्हणत नाही, सगळे सावकाश म्हणतात. ते मला फार गोड वाटलं. या माझ्या घरात तेवढा आवाज कित्येक वर्षांत झाला नव्हता.

जाताना दारात चप्पल घालता घालता तू विचारलंस, "अजून तुम्ही नकोच म्हणता का बाई?" मी म्हटलं, अजून वर्ष जाऊ दे, मग सांगते. तू म्हणालीस, तुम्ही हरलात ते कबूल करत नाही. मी हसून दार लावलं.

श्रावणात तुमच्या घरी कानबाई बसली. नारळाला नथ घालून, साज चढवून मांडलेली तुमची देवी मी पहिल्यांदाच पाहत होते. तू मला रविवारीच बोलावून घेतलंस. नैवेद्याचे रोट तुमच्या घरच्यांनीच करायचे आणि घरच्यांनीच खायचे, म्हणून मला पुरणपोळी आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी वाढलीस. गल्लीत घरोघरी कानबाई होती, सगळीकडून अहिराणी गाणी. सोमवारी सकाळी कानबाई उठवून विसर्जनाला न्यायची असते, तेव्हा दरवर्षी तुझी जाऊ देवीचा पाट डोक्यावर घ्यायची. या वर्षी तू पुढे झालीस. तिनं तुझ्या हातांकडे पाहिलं आणि मग पाट तुझ्या डोक्यावर ठेवला. तू दोन्ही हात वर करून तो धरलास. आमवाताच्या बाईला हात डोक्याच्या वर नेता येणं म्हणजे काय, हे त्या गल्लीत तुझ्याशिवाय फक्त मला माहीत होतं. ढोल वाजत होता, बाया फुगड्या घालत होत्या, आणि तू चालत होतीस, जराशी नाचतसुद्धा होतीस. भीमराव कडेकडेनं तुझ्याबरोबर चालले होते, हात पुढे करून, तोल गेला तर धरायला. तुझा तोल गेला नाही.

बुधवारी सकाळी फोनवर तू बोलताना मध्ये थांबलीस. एक वाक्य दोन तुकड्यांत आलं. मी विचारलं, दम लागतोय का? तू म्हणालीस, नाचले ना, अंग भरून आलंय. ताप पूजानं बघितला होता, नव्हता. मी फोन ठेवला आणि डॉक्टरांना लावला. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता आणा. शाळेला कळवून मी रिक्षा केली. तू मला दारात बघून चिडलीस, एवढ्याशासाठी बाई शाळा बुडवली म्हणालीस, पण जिना उतरताना प्रत्येक पायरीला थांबलीस.

फोटोत दोन्ही फुप्फुसं पांढरी होती. डॉक्टरांनी दोन्ही इंजेक्शनं बंद केली. पण महिन्याचं औषध महिनाभर अंगात राहतं, दिलेलं परत काढून घेता येत नाही. ते जंतूंच्या औषधांवर औषधं बदलत राहिले. तुला आत, काचेच्या दाराच्या खोलीत नेलं. दारावरच्या माणसानं मला विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण? मी सांगितलं, आमचं औषधपाणी एकत्र चालतं. तो म्हणाला, फक्त घरचे. मी दोन दिवस बाहेरच्या बाकावर होते. मग पूजा बाहेर आली आणि त्याला म्हणाली, ह्या माझ्या मावशी आहेत, आणि मला आत घेऊन गेली.

तुझ्या तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. मला बघून तू चादरीवरचा उजवा हात जरासा उचललास. मूठ मिटलीस, उघडलीस. पुन्हा मिटलीस, उघडलीस. तुझे डोळे हसत होते. मला कळलं. बोटं उघडलेली होती, ते दाखवत होतीस. मी माझा हात वर करून तसंच केलं. नर्सनं मला बाहेर जायला सांगितलं. तेवढंच.

तू गेल्याचं पूजानं शाळेत फोन करून कळवलं. मी तिसरीच्या वर्गावर होते. फळ्यावरचं वाक्य पूर्ण केलं आणि मग खाली बसले.

माझ्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी दार लावून घेतलं. मी काही विचारलं नव्हतं. ते म्हणाले, एका औषधावरही हे होऊ शकलं असतं. दोनांवर होण्याची शक्यता जास्त होती. यापलीकडे मी खरं असं काही सांगू शकत नाही. पुन्हा कोणाला देईन का, तेही आज माहीत नाही. मग त्यांनी माझी बोटं एकेक दाबून पाहिली, नेहमीसारखी. त्यांचे हात गार होते. मला त्यांचा राग येत नाही, सरला. आला असता तर सोपं गेलं असतं.

तेराव्याला तुझ्या घरी गेले. बायांमध्ये जागा करून बसले. कोणी विचारलं, ह्या कोण, तर पूजानं सांगितलं. जेवणं व्हायच्या आधी भीमराव माझ्याजवळ आले. डोकं भादरलेलं, टोपी हातात. इतक्या वर्षांत ते माझ्याशी आपणहून कधी बोलले नव्हते. ते खाली बसले आणि हळूच म्हणाले, "बाई, ते दुसरं औषध नही लिधं असतं, ते ती ऱ्हाती का?"

डॉक्टरांचं उत्तर माझ्याकडे होतं. तेच खरं होतं. माझं लारीपाशी बोललेलं उत्तरही माझ्याकडे होतं. पण त्या माणसानं त्या दिवशी खोलीत मान हलवून होकार दिला होता, आणि आता त्याला ते होकाराचं ओझं घेऊन रोज त्या घरात उठायचं होतं. मी विचारलं, "सोमवारी तिनं कानबाई डोक्यावर घेतली, ती तुम्ही पाहिलीत ना?"

"दखी," ते म्हणाले.

"मग तिनं ठरवलं ते बरोबर होतं."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मग उठून पाहुण्यांना पाणी द्यायला गेले.

म्हणजे तुझ्या बाजूनं मी बोलले, सरला. तू असतीस तर दिवसभर मला चिडवलं असतंस. पण ते मी मनापासून बोलले की त्यांना झोप लागावी म्हणून बोलले, हे मला अजून कळलेलं नाही. कधी वाटतं, तू ते महिने जगलीस तसे मी माझी सगळी वर्षं जगले नाही. कधी वाटतं, अर्ध्या हातांनी का होईना, आज तू फोनवर असतीस. डिंडोलीहून परत येताना रिक्षात मी दोन्ही बाजूंनी एकटीच भांडत होते. माझी बाजू मला पाठ आहे. तुझी मांडायला गेले की दोन वाक्यांत अडकते. तुझ्यासारखं मला ते जमत नाही.